कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या घरात कुठलीही गोष्ट व्हायची ती 'सेशन संपलं की'. बाबा दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. संसदेचं अधिवेशन सुरू झालं, की खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायला त्यांचं अख्खं ऑफिस कामाला लागायचं, आणि आमचं घर आपोआप ठप्प व्हायचं. सोफ्याला नवं कापड घालायचंय? सेशन संपलं की. सांगलीला मामाकडे जायचंय? सेशन संपलं की. माझी दाढ किडून गाल टम्म सुजला, तेव्हासुद्धा बाबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ''लवंग धर गं तोवर.'' संसदेची वर्षातून तीन अधिवेशनं भरतात, हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी त्या दाढेनं शिकवलं. आई यावर हसायची. ''यमराज आला तरी त्याला सांगतील, सध्या सेशन चालू आहे, नंतर या,'' असं ती शेजारणींना हिंदीतून सांगायची आणि स्वतःच खळखळून हसायची. तिचं ते बोलणं आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. मी एकुलती एक. पलीकडे चालत जाण्याइतक्या अंतरावर मुनिरका, आणि मुनिरक्याच्या त्या खुराड्यांसारख्या भाड्याच्या खोल्यांत महाराष्ट्रातून यूपीएससीसाठी आलेली पोरं. कुणाच्या तरी ओळखीनं त्यातला एक कधीतरी जेवायला आला, त्यानं बाकीच्यांना सांगितलं, आणि दर रविवारी आमच्याकडे पंगत बसायला लागली. आई पिठलं-भाकरी करायची, वर लसणाचा ठेचा. लातूरचा सलीम ठेचा संपेपर्यंत उठायचा नाही आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणायचा, ''काकू, बिल्कुल घरच्यासारखा.'' आई भाकऱ्या अशा थापायची की खालच्या मजल्यावरच्या आंटी गॅलरीतून ओरडायच्या, ''भाभीजी, संडे को भी कपड़े धो रही हो?'' सकाळच्या कोवळ्या उन्हात तो थापण्याचा आवाज, कुकरची शिट्टी, जिन्यावर काढलेल्या चपलांचा ढीग. पोरं अभ्यासाबद्दल तावातावानं बोलायची, बाबा मान डोलवायचे आणि आई फक्त वाढत राहायची. कोण पास झालं, कोण नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. ''आधी जेव,'' एवढंच तिचं म्हणणं असायचं.

आणि बाबांना ती म्हणायची, ''अहो, बसा ना जरा.'' रोज सकाळी, दारात. बाबांची चार्टर्ड बस कोपऱ्यावर यायची. ती चुकली तर ऑफिसला उशीर. हातात डबा, काखेत ब्रीफकेस, एक पाय दाराबाहेर, आणि आई चहाचा कप घेऊन उभी. ''बसा ना जरा. उभ्यानं काय पिताय?'' बाबा उभ्यानंच प्यायचे. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या संसारात त्यांनी तो चहा बसून प्यायलाच नाही.

ज्या उन्हाळ्यात माझी दहावीची परीक्षा झाली, त्याच उन्हाळ्यात आईचं पोट दुखायला लागलं. ओवा खाऊन झाला, हिंग लावून झाला. डिस्पेन्सरीतून पित्ताच्या गोळ्या आणून झाल्या. बजेटचं सेशन चालू होतं, बाबा अंधार पडल्यावर घरी यायचे. ''जरा कळ काढ. सेशन संपलं की मोठ्या डॉक्टरला दाखवू,'' ते म्हणाले, आणि आई म्हणाली, ''हो हो, मला काय धाड भरलीये.'' दोघांनाही ते अगदी रोजच्यासारखं वाटलं असणार. वाईट माणसं नव्हती हो ती. सोफ्याचं कापड आणि पोटातली कळ एकाच रांगेत उभी करायची सवय लागली होती, इतकंच. एका दुपारी ती स्वयंपाकघरात खाली बसली ती उठेचना. मी आंटींना हाक मारली, त्यांच्या मुलानं स्कूटर-रिक्षा आणली. हॉस्पिटलात कळलं की पोटात अपेंडिक्स फुटून विष पसरलंय. बाबा ऑफिसातून धावत आले तेव्हा तरुण डॉक्टरनं त्यांना एवढंच विचारलं, ''पहले क्यों नहीं लाए?'' आई गेली तेव्हा सेशन चालूच होतं.

दहाव्याला आम्ही यमुनेच्या घाटावर गेलो. बाबा, सांगलीहून आलेला मामा, दिल्लीतल्या मराठी घरांची कार्यं करणारे एक गुरुजी आणि मी. बायका-मुली घाटावर जात नाहीत, पण मी ऐकलं नाही आणि मला अडवायला घरात बाई उरली नव्हती. आपल्यात दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. कावळा लवकर शिवला तर माणूस सुखानं गेलं. नाही शिवला तर जीव कशात तरी अडकलाय, मग घरच्यांनी हात जोडून एकेक गोष्ट कबूल करायची. ज्या गोष्टीवर कावळा येईल ती गेलेल्याची इच्छा. आजूबाजूची दिल्लीकर मंडळी आमच्याकडे बघत होती. हे लोक भाताकडे बघत उन्हात का उभे आहेत, हे त्यांना कळेना. कावळे होते, समोरच्या भिंतीवर ओळीनं बसले होते, पण एक जागचा हलेल तर शपथ.

मामा म्हणाला, ''ताई, वृंदाला मी अंतर देणार नाही.'' कावळे ढिम्म. ''तिचं लग्न थाटात करू. तुझे दागिने तिलाच देऊ.'' ढिम्म. गुरुजी म्हणाले, ''आठवा, काही मनात राहिलं असेल.'' बाबा इतका वेळ गप्प होते. ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्यांच्या अंगावरचा ओला पंचा वाळून गेला होता. एकाएकी ते मोठ्यांदा म्हणाले, ''हिला डॉक्टर करीन! वृंदाला डॉक्टर करीन!'' आणि भिंतीवरचा एक कावळा उठला, सरळ खाली आला, चोच मारली आणि उडाला. मामा हुंदके द्यायला लागला. ''बघा, बघा, ह्यात जीव अडकला होता माझ्या ताईचा.'' बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात केवढा जड होता, ते मी कुणाला सांगू?

मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मला काय व्हायचं होतं तेही माहीत नव्हतं म्हणा, पण मला नकाशे आवडायचे. कोऱ्या नकाशात नद्या निळ्या करायच्या, डोंगर तपकिरी करायचे, यात मी तासन्‌तास रमायची. गणिताशी मात्र कधी जमलं नाही. तरी अकरावीला सायन्स घेतलं, कुणी विचारलंच नाही. कावळ्याला शब्द दिलेला होता. फिजिक्सच्या तासाला फळ्यावर काय चाललंय ते कळायचं नाही आणि मनात एकच घोळायचं, आपण नापास झालो तर आईचं काय होईल? ती परत अडकेल. कुठे अडकेल ते माहीत नव्हतं. त्या भिंतीवर असेल, नाहीतर त्या उन्हात. हसू नका. सोळा वर्षांच्या मुलीला आई गेल्यावर काय काय खरं वाटतं, हे तिलाच माहीत.

मग मी शाळेत पाण्याच्या टाकीमागे डबा घेऊन जायला लागले. डबा बाबा भरायचे, जाड्या-भरड्या पोळ्या आणि बटाटा. मी तो कावळ्यांना घालायची. अगोदर एखादी पोळी, मग सगळाच. एका कावळ्याची मान करडी होती, त्याच्याशी मी बोलायची. मराठीतून. ''मला जमत नाहीये रे, तिला सांग ना.'' वर्गातल्या पोरींना सुगावा लागलाच. ''कौआ आई, कौआ आई,'' म्हणजे कावळी आली, असं मागून सुरू झालं. सहामाहीत फिजिक्स, केमिस्ट्री दोन्ही उडाले. आणि एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी रांगेत धाडकन पडले. पीटीच्या सरांनी उचलून नेलं ते थेट काउन्सेलरच्या खोलीत, कारण शाळेत खाट तेवढी तिथेच होती.

त्या खोलीला सगळी शाळा 'पागलोंवाली मॅडम का कमरा' म्हणायची. खोली कसली, खेळाच्या सामानाची कोठी होती ती. अर्ध्या भागात व्हॉलीबॉलची जाळी, लाकडी डंबेल्स, फुटके फुटबॉल आणि रबराचा वास, उरलेल्या अर्ध्यात एक टेबल, दोन खुर्च्या, खाट. सरोज मॅम मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, बाकी दिवस त्यांना दुसऱ्या शाळा होत्या. रोहतककडच्या, उंच, हाडं मोठी, आवाज खणखणीत. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. डोळे उघडले तर त्या टेबलावर बाजरीची रोटी आणि गूळ घेऊन बसल्या होत्या. मी घाईघाईनं उठायला लागले. कुणी बघितलं तर? त्या म्हणाल्या, ''बैठो। जल्दी क्या है?'' आणि अर्धी रोटी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. काय झालं, का झालं, त्यांनी काही विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, ''शुक्रवार को मक्के की होगी।''

मी शुक्रवारी गेले. खोटं कशाला बोलू, रोटीसाठीच गेले. नंतरच्या मंगळवारीही गेले. मॅम त्यांच्या शेताबद्दल, म्हशीबद्दल, बसमधल्या भांडणांबद्दल बोलायच्या, नाहीतर गप्प बसायच्या. गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आमच्या घरातही तेव्हा कुणी बोलत नव्हतं, पण त्या गप्प बसण्यानं जीव गुदमरायचा आणि ह्या गप्प बसण्यात श्वास घेता यायचा. अशाच एका दिवशी खिडकीच्या गजावर कावळा येऊन बसला आणि मी रडायला लागले. सगळं सांगितलं. घाट, भिंत, पिंड, बाबांचा शब्द, करड्या मानेचा कावळा. आता ह्या म्हणतील, पढ़ी-लिखी लड़की होकर अंधविश्वास? किंवा हसतील. मॅम पुढे वाकल्या आणि विचारलं, ''फिर? उसी बात पर आया?''

''हाँ मॅम।''

''अच्छा।'' त्यांनी गजावरच्या कावळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ''कौए की बात तो कौआ जाने। तू ये बता, मम्मी क्या बोलती थी? रोज़ क्या बोलती थी?''

मी आठवायला लागले. आधी जेव, असं म्हणायची. लाईट बंद कर, असं म्हणायची. आणि बाबांना म्हणायची, बसा ना जरा. ''डॉक्टर बनो, ये बोलती थी?'' मी आठवून आठवून पाहिलं. आईनं आयुष्यात एकदाही, चुकूनसुद्धा, मला डॉक्टर हो म्हटलं नव्हतं. मला ते त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं. मी मॅमकडे बघत बसले आणि मॅमनी माझा हात हातात घेतला. ''तो ये बात तेरी मम्मी की नहीं है,'' त्या म्हणाल्या. ''तेरे पापा की है। उनसे पूछना पड़ेगा।''

बाबांना शाळेतून बोलावणं गेलं. आले नाहीत, हिवाळी सेशन चालू होतं. दुसऱ्यांदा गेलं, तरी नाही. मग एका शनिवारी मॅम स्वतःच आमच्या दारात उभ्या राहिल्या. बाबांची तारांबळ उडाली. त्यांनी स्वतः चहा केला, साखर दोनदा घातली. मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. बाबांचं हिंदी ऑफिसात चांगलं असायचं, पण घाबरले की अगदी सांगलीचं व्हायचं. ''मॅडम, वो क्या है, हमारे में ऐसा रहता है। उसकी माँ की आखरी इच्छा है। कावळा साक्षी है।''

मॅमनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. बाबा सांगत गेले. ओवा, गोळ्या, बजेट, रोज उशिरा येणं, सेशन संपलं की दाखवू म्हणालो ते. आई गेल्यापासून बाबांना मी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, ''घर में एक डॉक्टर होती, तो वो बच जाती।''

मॅम हळू आवाजात म्हणाल्या, ''भाई साहब, डॉक्टर तो दिल्ली में बहुत थे।''

बोलून गेल्या आणि त्यांनी ओठ आवळले. बोलले ते बरं की वाईट, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बाबा टेबलावरच्या कपाकडे बघत राहिले. खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती. ''हाँ,'' बाबा म्हणाले. ''डॉक्टर थे। मैं नहीं था।'' आणि माझे बाबा, आईच्या सरणापाशी न रडलेले माझे बाबा, शाळेतल्या एका परक्या बाईपुढे ढसाढसा रडले. मॅमनी त्यांना रडू दिलं. पाणी दे म्हणाल्या नाहीत, सांत्वन केलं नाही. दारातून जाताना फक्त म्हणाल्या, ''वादा जिनको दिया है, बात भी उन्हीं से कर लीजिए। और लड़की को खाना खिलाइए।''

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत झालं. कसलं काय. बाबा पुन्हा मुके झाले. डब्यातल्या पोळ्या मात्र बऱ्या व्हायला लागल्या आणि मी त्या खायला लागले. पण वार्षिक परीक्षेत नापास व्हायची ती मी झालेच. तो सबंध हिवाळा मी मंगळवार-शुक्रवारच्या आधारानं काढला. जाळीच्या ढिगाशेजारी बसून भूगोलाचं पुस्तक वाचायची, मॅम दुसऱ्या कुणाशी बोलायच्या. अजून कितीतरी पोरं यायची तिथे. कुणाचा बाप दारू प्यायचा, कुणाला घरी मारायचे. वर्गात जी सगळ्यात जास्त टवाळी करायची, ती नीलमसुद्धा एकदा दारात दिसली. मला बघून तशीच मागे वळली आणि परत आली नाही. पुढल्या वर्षी तिचं नाव हजेरीत नव्हतं. तिचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

एप्रिलात आईचं वर्षश्राद्ध आलं. बजेटचं सेशन होतं आणि बाबांनी रजा काढली होती. सेशनमध्ये रजा! ऑफिसात लोकांना वाटलं, पुन्हा कुणी गेलं की काय. घरी गुरुजींनी विधी केले आणि कावळ्याचं पान घेऊन बाबा गच्चीवर गेले. मागोमाग मी. पाण्याच्या टाक्या, अँटेना, तापलेली फरशी. बाबांनी पान ठेवलं, हात जोडले आणि आई समोर उभी असल्यासारखं बोलायला लागले. ''अगं, मी तुला वेळेवर नेलं नाही. चूक माझी होती. ती मी पोरीच्या डोक्यावर ठेवली. हिला डॉक्टर करीन म्हणालो, तो शब्द मी परत घेतो. हिला नाही जमत. तू रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव.''

आम्ही वाट बघत राहिलो. कावळा आला नाही. मला वाटलं, म्हणजे आई नाही म्हणतेय! गुरुजी जिन्यातून वर आले. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, तसं करू या म्हणाले. त्यांना पुढच्या घरी जायचं होतं. बाबा म्हणाले, ''तुम्ही व्हा पुढे. मी बसतो.'' आणि ते तापल्या फरशीवर मांडी घालून बसले. मी बाबांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. दुपार झाली, ऊन टाकीच्या मागे गेलं. मी पाणी नेऊन दिलं, आंटींनी छत्री पाठवली. बाबा हलले नाहीत. एकदा मला म्हणाले, ''रोज म्हणायची गं, बसा ना जरा.'' मी त्यांच्या शेजारी बसले. संध्याकाळी आम्ही दोघं खाली चहा करायला आलो आणि परत वर गेलो, तर पान रिकामं होतं. कावळ्यानं खाल्लं, कबुतरांनी खाल्लं की खारीनं, कोण जाणे. बाबांनी पान उचललं आणि म्हणाले, ''चल. उद्या शाळेत जाऊन अर्ज देऊ.''

अकरावी पुन्हा केली, आर्ट्समधून. मुख्याध्यापिका तयार नव्हत्या, सरोज मॅम त्यांच्याशी कडाकडा भांडल्या. जुलैत शाळा उघडली तेव्हा त्यांची बदली यमुनेपलीकडे झाली होती. निरोप नाही, काही नाही. त्यांच्या खोलीत खाटेवर फुटबॉल ठेवले होते. फार वर्षांनी, मी भूगोल शिकवायला लागल्यावर, त्या मला एका बसस्टॉपवर भेटल्या. केस पांढरे, पायात तेच कॅनव्हासचे बूट. माझं नाव त्यांना आठवेना. मी म्हटलं, ''मॅम, कौआ...'' आणि त्यांचा चेहरा उजळला. ''अरे, कौएवाली! खाना खाती है ना?'' मी म्हटलं, तुम्ही होतात म्हणून मी वाचले. त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, ''तू तो आ गई थी, बेटा। जो नहीं आए, रात को वो याद आते हैं।'' मला नीलम आठवली. त्यांची बस आली आणि त्या चढून गेल्या. आता मी गुडगावच्या ज्या शाळेत शिकवते, तिथे काउन्सेलरला स्वतंत्र खोली आहे, एसी आहे, भिंतीवर हसरे फोटो आहेत. पोरगी चांगली आहे, मनापासून काम करते. मी तिला सांगितलंय, टेबलात खायला काहीतरी ठेवत जा.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले, माझ्याच घरी. शेवटची काही वर्षं त्यांना सगळ्याचा विसर पडला होता. पहाटे उठून ब्रीफकेस मागायचे. ''बस चुकेल,'' म्हणायचे. ''सेशन आहे.'' दारात जाऊन उभे राहायचे आणि आम्ही कितीही समजावलं तरी बसायचे नाहीत. पाय सुजायचे उभं राहून राहून. मी चहाचा कप घेऊन समोर उभी राहायची, आणि आई जे म्हणायची तेच माझ्या तोंडून निघायचं. तेही उभ्यानंच प्यायचे.

दहाव्याला त्याच घाटावर गेलो. मी, नवरा, मामाचा मुलगा आणि माझी मुलगी रेवा. ती यंदा दहावीला आहे. पिंड ठेवला. धुकं होतं, कावळे फारसे नव्हतेच, वर घारी फिरत होत्या. बराच वेळ गेला. मामाचा मुलगा हात जोडून पुढे सरसावला. भला माणूस आहे, त्याच्या मनात पाप नाही. ''काका, काळजी करू नका,'' त्यानं सुरुवात केली, ''रेवाला आपण...''

''गप्प बस!'' मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या लोकांनी वळून बघितलं. ''कुणीही काहीही कबूल करायचं नाही. एक अक्षर नाही.'' रेवा माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाची काडी हातात घेतली. मी म्हटलं, ''थांबा जरा.'' आणि त्या ओल्या पायरीवर पिंडासमोर बसले. रेवा काही न विचारता शेजारी येऊन टेकली. मला रडू येत होतं, पण आवाज नीट निघाला.

''बाबा,'' मी म्हटलं, ''सेशन संपलं. बसा आता जरा. घाई काय आहे?''